अभ्यासिकेत शोधायला शिकवणारे माणूसही हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी एका सालामुळे लिहिते आहे. ते साल १८१५.

कळव्याहून एक मुलगी माझ्याकडे येते. एम. ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, विषय इतिहास. रेल्वे आल्यावर ठाणे गाव कसे बदलले, यावर तिला चाळीस पानांचा प्रकल्प करायचा आहे. तिची आई आमच्या इमारतीत एका आजींना सांभाळायला येते. तिनेच एक दिवस जिन्यात थांबवून विचारले, "ताई, तुम्ही लायब्ररीत होतात ना? जरा पोरीला दाखवाल का?" मी ठाण्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षे काम केले, त्यातली शेवटची अकरा ग्रंथपाल म्हणून. निवृत्त होऊन चार वर्षे झाली. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

पहिल्याच दिवशी तिने लॅपटॉप उघडून मला मसुदा दाखवला. दुसऱ्या परिच्छेदात वाक्य होते, की १८१५ साली मुंबईत छापलेल्या एका पुस्तकात ठाण्याच्या आगगाडीचे वर्णन आहे. मी तिला विचारले, "ठाण्याला पहिली गाडी कधी आली गं?" तिने घडाघडा सांगितले. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत, चौतीस किलोमीटर, चौदा डबे, चारशे पाहुणे, आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिने. सगळे पाठ होते. मग मी म्हटले, "१८१५ म्हणजे पेशवाई संपायलाही तीन वर्षे बाकी होती. त्या पुस्तकात आगगाडी कुठून आली?"

पोरीचा चेहरा पडला. तिने ते संकेतस्थळ उघडून मला दाखवले. तिथे खरेच प्रकाशनवर्ष १८१५ असे लिहिलेले होते. मग आम्ही स्कॅन केलेले मुखपृष्ठ उघडले. पान पिवळे, कडा कुरतडलेल्या, अक्षर पुसट. मोठे करत करत अगदी तळाशी गेलो, तेव्हा ओळ दिसली : "शके १८१५". त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की १८९३. नोंद भरणाऱ्याने आकडा उतरवून घेतला होता आणि "शके" हा शब्द सोडून दिला होता.

चूक त्या मुलीची नव्हती. पण पंधरा-सोळा वर्षे शिकलेल्या मुलीला कोणी कधी सांगितलेच नव्हते, की जुन्या मराठी पुस्तकावर शक घातलेला असतो, आणि ऑनलाइन सूचीत दिसणारे साल, लेखकाचे नाव, शीर्षक हे सगळे कुठल्या तरी खोलीत बसून कुणीतरी हाताने भरलेले असते. माणूस भरतो म्हणजे माणूस चुकतो. म्हणून सूचीतल्या नोंदीवर थांबायचे नाही, मुखपृष्ठ आणि त्याच्या मागचे पान उघडायचेच. त्या मागच्या पानावर आवृत्ती असते. दीडशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकाची गेल्या दहा वर्षांत नवी आवृत्ती निघाली असेल तर सूचीत नवेच साल दिसते, आणि मुले लिहून मोकळी होतात, की लेखक आजच्या काळात असे म्हणतो. हे मी नोकरीत असताना किती वेळा पाहिले, त्याची मोजदाद नाही.

"आता काय, सगळे गुगलवर आहे," असे मला मुलांचे पालक सांगतात, संस्थाचालकांनीही सांगितले आहे. माझे म्हणणे असे, की तिथे पुष्कळ आहे हे खरे, पण ते कुठल्या शब्दाने हाक मारली की ओ देते, हे माहीत असावे लागते. त्या मुलीचेच उदाहरण घ्या. तिने "ठाणे रेल्वे इतिहास" असे टाकले होते. वर आली ती पर्यटनाची पाने, स्पर्धा परीक्षांच्या टिपणांची पाने आणि व्हिडिओ. मी तिला म्हटले, एकोणिसाव्या शतकातला मराठी माणूस "रेल्वे" म्हणत नव्हता, तो "आगगाडी" म्हणत होता. आणि "ठाणे" असेही लिहीत नव्हता, "ठाणें" लिहीत होता, डोक्यावर अनुस्वार देऊन. १९६२ साली लेखनाचे नवे नियम आले आणि ते अनुस्वार गेले, पण त्याआधीच्या पुस्तकांतून ते कसे जातील? इंग्रजीतही तसेच. आज आपण स्पेलिंग करतो टी-एच-ए-एन-ई. पण १८८२ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, आपला जिल्हा टी-एच-ए-एन-ए आहे. त्याच्याही आधी, पहिली गाडी धावली त्या काळात, टी-ए-एन-एन-ए-एच असे लिहीत. आजच्या स्पेलिंगने शोधणाऱ्याला १८५३चे ठाणे सापडणार कसे?

तिने माझ्यासमोर टी-ए-एन-एन-ए-एच टाकले, पुढे अवतरणचिन्हात ती गाडी चालवणाऱ्या कंपनीचे नाव, ग्रेट इंडियन पेनिन्सुला. पडद्यावर जुन्या इंग्रजी अहवालांची यादी आली. ती खुर्चीत ताठ बसली. मी एकतीस वर्षे जे काम केले ते या ताठ बसण्यासाठीच केले, असे मला तेव्हा वाटले.

याच ओघात आणखी एक गोष्ट कळली. तिला १८५३चा "टाइम्स ऑफ इंडिया" हवा होता आणि कुठेच सापडत नव्हता. सापडणारच नाही. त्या वेळी त्या पत्राचे नाव "बॉम्बे टाइम्स" होते, आजचे नाव १८६१ साली आले. मराठीत तेव्हा "ज्ञानोदय" होते १८४२पासून आणि "ज्ञानप्रकाश" १८४९पासून. त्यांचे त्या वर्षाचे अंक कुठे बघायला मिळतील, तो तिचा पुढचा शोध आहे आणि त्यासाठी तिला घराबाहेर पडावे लागेल, हेही मी तिला सांगितले.

गॅझेटिअरबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण ठाणेकरांच्या दृष्टीने ती मोठी ठेव आहे. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या त्या मालेत तेरावा आणि चौदावा खंड आपल्या जिल्ह्याचा आहे. आज तो फुकट, घरबसल्या वाचता येतो. शेती, मीठ, मासेमारी, रस्ते, रेल्वे, देवळे, तळी, काय नाही त्यात! पण तो वाचताना हेही विचारायला हवे, की हे कोणी लिहिले आणि कशासाठी. इलाख्याचा कारभार चालवणाऱ्यांसाठी, कारभारातल्या लोकांनी गोळा केलेली ती माहिती आहे. महसुलाचे आकडे घ्यायचे असतील तर त्याच्याइतका चांगला आधार नाही. पण चेंदणीच्या कोळ्याला आगगाडी आली तेव्हा काय वाटले, हे तो खंड सांगणार नाही. आधार खरा की खोटा, एवढ्यावर काम भागत नाही. कशासाठी खरा, हे बघावे लागते.

आता दहा पानांची गोष्ट. मुलीच्या मसुद्यात "भारतातील पहिली रेल्वे" असे होते आणि खाली दहा संकेतस्थळांचे आधार. मी तिला त्यांतले एक वाक्य उचलायला लावले, दोन्ही बाजूंना अवतरणचिन्ह लावून शोधायला सांगितले. तेच वाक्य, शब्दाला शब्द, स्वल्पविरामासकट कितीतरी पानांवर निघाले. गावात एकाने सांगितलेली गोष्ट दहा जणांनी पुढे सांगितली म्हणून दहा साक्षीदार होत नाहीत, साक्षीदार एकच. आणि वाक्यही अपुरे होते. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ साली दगड वाहणारी रेल्वे होती. रुडकीला सोलानी नदीवरच्या कालव्याच्या कामासाठी १८५१ साली इंजिन चालले होते. आपली ठाण्याची गाडी ही पहिली प्रवासी गाडी. तो एक शब्द घातला की वाक्य खरे होते. ठाण्याचे मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही, उलट कुणी बोट ठेवू शकत नाही.

कुठलेही अनोळखी पान उघडले की तेच पान वरपासून खालपर्यंत वाचत बसू नये, हे मी मुलांना नेहमी सांगते. दुसरी खिडकी उघडावी आणि ते पान चालवणाऱ्याबद्दल दुसरे काय म्हणतात ते बघावे. आपण नवीन दुकानात मोठी खरेदी करण्याआधी शेजारीपाजारी विचारतो ना, तसेच. दुकानदार स्वतःबद्दल चांगलेच सांगणार. मराठी विकिपीडिया २००३पासून आहे, त्याला मी नावे ठेवत नाही. तिथे लेखाच्या तळाशी जे संदर्भ दिलेले असतात ते उघडावेत आणि आधार त्यांचा घ्यावा. संदर्भच नसतील तर पुढे जावे. वाईचा मराठी विश्वकोश आता ऑनलाइन आहे, नोंदीखाली लेखकाचे नाव असते, सुरुवात करायला त्याहून चांगली जागा मराठीत मला माहीत नाही. फक्त नोंद कधी लिहिली गेली ते लक्षात ठेवावे, पहिला खंड १९७६चा आहे.

शोधगंगेचे नाव पदव्युत्तर मुलांनी ऐकलेले असते. देशभरच्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध तिथे ठेवलेले असतात, प्रकरणवार वेगवेगळ्या फायलींत. मुले पहिले प्रकरण उघडतात, तीनशे पाने बघून घाबरतात आणि बंद करतात. माझी सांगायची पद्धत उलटी : शेवटची फाईल आधी उघडा, संदर्भसूचीची. ज्या माणसाने चार-पाच वर्षे त्या विषयात घालवली, त्याने काय काय वाचले ते तुम्हाला पाच मिनिटांत कळते. मराठी प्रबंधांची शीर्षके मात्र कधी देवनागरीत भरलेली असतात, कधी रोमन लिपीत, कधी इंग्रजी भाषांतर करून. म्हणून तिन्ही तऱ्हांनी शोधावे लागते. गुगल स्कॉलर हे संशोधनलेख शोधायचे संकेतस्थळ २००४ साली निघाले, त्यात प्रत्येक लेखाखाली "साइटेड बाय" असा दुवा असतो. त्यावर दाबले की त्या लेखाचा आधार पुढे कोणी कोणी घेतला ते दिसते. ही फार मोलाची सोय आहे. पण ज्याचा उल्लेख जास्त तो वर, असा तिथला कल असल्याने आपल्याकडच्या छोट्या मराठी नियतकालिकांतले चांगले लेखही पार तळाला जातात किंवा येतच नाहीत. न दिसणारे म्हणजे नसलेले, असे मुलांना वाटू लागते, आणि मला त्याची फार काळजी वाटते. तीच गत जुन्या मराठी पीडीएफची. स्कॅन केलेले पान म्हणजे छायाचित्र. आपल्या डोळ्याला मराठी दिसते, यंत्राला नुसते चित्र. युनिकोड ही सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या फॉण्टात टाइप केलेल्या फायलींत तर यंत्राला देवनागरीच्या जागी भलतीच अक्षरे दिसतात.

यंदा नवीन अडचण आली ती एआयची. याच मुलीने एका एआय साधनाला विचारून पाच पुस्तकांची यादी आणली होती. छान मांडलेली, लेखक, प्रकाशक, गाव, साल, पृष्ठसंख्या. त्यातले एक १९३४चे होते. मला लेखक ठाऊक, प्रकाशक ठाऊक, पुस्तक मात्र कधी कानावर आलेले नाही. शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची आहे, पहिल्या भागात १८०० ते १९३७पर्यंतची पुस्तके आणि दुसऱ्यात १९५०पर्यंतची. संगणकाच्या कितीतरी आधीचे ते काम. १९३४चे पुस्तक असेल तर पहिल्या भागात मिळण्याची दाट शक्यता. मिळाले नाही. सूचीतून एखादे निसटू शकते, म्हणून वर्ल्डकॅट या जगभरच्या ग्रंथालयांच्या एकत्रित ऑनलाइन सूचीत देवनागरीत आणि रोमनमध्ये शोधले, पुण्यातल्या माझ्या एका जुन्या सहकारी बाईंना फोन करून त्यांच्याकडची सूची बघायला लावली. नाही. पाचांपैकी तीन पुस्तके जगात कधी छापलीच गेली नव्हती. मुलीने त्या साधनाला पुन्हा विचारले, तर त्याने दिलगिरी व्यक्त करून त्याच लेखकाचे आणखी एक पुस्तक सांगितले. तेही नव्हते.

हे फक्त मुलांचे होते असे नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी एआयकडून घेतलेले, कधीच न झालेल्या खटल्यांचे दाखले न्यायालयात सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलर दंड झाला. शिकलेसवरलेले वकील फसले, तिथे कळव्याच्या दोन खोल्यांतून येणाऱ्या, घरात पहिलीच पदवी मिळवणाऱ्या मुलीने एकटीने कसे ओळखायचे? ती आळशी नाही. तिने रात्री जागून ती यादी सुवाच्य अक्षरात वहीत उतरवली होती. जी पुस्तके नाहीत त्यांची नावे तिने लाल शाईने अधोरेखित केली होती. ती वही मी पाहिली आणि मला रडू आले.

संशोधनपत्रिकांचाही मोठा गोंधळ आहे. एकाच मुखपृष्ठाखाली रसायनशास्त्र, मराठी कविता, शेअर बाजार, सगळे विषय, आणि पैसे भरले की दोन दिवसांत लेख छापून तयार. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली चांगल्या पत्रिकांची केअर यादी काढली होती, ती २०२५ साली बंद झाली. म्हणजे आता पारख करायचे काम महाविद्यालयांवर आणि शिक्षकांवर आले आहे. ते कोण कुणाला शिकवणार?

इथे मला माझे दुःख सांगायचे आहे. मी निवृत्त झाले त्या महाविद्यालयात माझी जागा अजून भरलेली नाही. एक शिपाई आणि एक तात्पुरते सहायक ग्रंथालय उघडतात, पुस्तके देतात-घेतात. दोघेही प्रामाणिक आहेत, पण मुलगा येऊन "मॅडम, या विषयावर काही मिळत नाही" म्हणाला तर त्याच्या शेजारी अर्धा तास बसायला तिथे कोणी नाही. त्याच ग्रंथालयात नवे संगणक आले, वातानुकूलन आले, उद्घाटनाला फुले आली. शहरात ठिकठिकाणी अभ्यासिका झाल्या, त्या हव्याच होत्या, लहान घरांतल्या मुलांना शांत जागा मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे. मी स्वतः दोन-तीन ठिकाणी जाऊन बघितले. वायफाय आहे, खुर्च्या चांगल्या आहेत, थंड पाणी आहे. विचारायला माणूस नाही.

डॉ. रंगनाथन गणिताचे प्राध्यापक, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. आम्हाला अभ्यासक्रमात तो पाठ करावा लागे. आज मुलांचा वेळ पुस्तक शोधण्यात जात नाही, आलेल्या ढिगातून खरे कोणते हे ठरवण्यात जातो. तो वाचवायला ग्रंथपालच लागतो.

आणि हे ठाण्यात मागायचे नाही तर कुठे मागायचे? १ जून १८९३ रोजी आपल्या गावात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले, महाराष्ट्र सारस्वतकार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ साली आले. मराठी पुस्तके जमवायला हवीत, हे मुंबईच्या आधी ठाण्याला सुचले.

म्हणून माझी दोन्ही महापालिकांना, ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या, आणि महाविद्यालयांच्या व्यवस्थापनांना विनंती आहे. प्रत्येक अभ्यासिकेत आठवड्यातून एक दिवस दोन तास शिकलेला ग्रंथपाल बसवा. भाषण नको, प्रोजेक्टर नको. मुलाने आपला विषय घेऊन यावे, आणि दोघांनी एका पडद्यासमोर बसून शोधावे. मराठीतून. रिक्त जागा भरायला वेळ लागत असेल तर तोपर्यंत आमच्यासारखे निवृत्त लोक आहेत. माझ्याबरोबरीच्या चार जणींशी मी बोलले आहे, दोघी डोंबिवलीला, एक नेरूळला, एक इथेच पाचपाखाडीला. चौघींचीही तयारी आहे, मानधनाची अट नाही. आणि ज्या ग्रंथालयांच्या सूची ऑनलाइन आहेत त्यांनी त्यात शके आणि इसवी सन असे दोन वेगळे रकाने ठेवावेत, शीर्षक देवनागरीत जसे छापले आहे तसे, अनुस्वारासकट भरावे आणि शेजारी आजच्या लेखनातही द्यावे. हे एका उन्हाळ्याच्या सुट्टीत, ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून सुरू करता येईल.

ज्या संकेतस्थळावर ते १८१५ होते, त्यांना त्या मुलीने मुखपृष्ठाचे छायाचित्र जोडून चूक कळवली आहे. मसुदा तिने स्वतः लिहिला, मी फक्त वाचला. अजून उत्तर आलेले नाही. तिने पुढच्या खेपेला "आगगाडी" या शब्दाचीच सतरा वाक्ये वेगवेगळ्या जुन्या पुस्तकांतून काढून आणली, प्रत्येकापुढे शके, इसवी सन आणि पृष्ठ क्रमांक.

शनिवारी सकाळी दहा ते बारा मी मोकळी असते. ठाणे स्थानकापासून चालत किंवा रिक्षाने जाता येईल अशी कुठलीही अभ्यासिका चालेल. माझा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक आपल्या कार्यालयात दिला आहे. कोणी विचारणा केली तर कृपया द्यावा.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल,
नौपाडा, ठाणे